गार हात

तिने साबणाने हात धुतले, ट्रे पलंगावर ठेवला, नळीला जेली लावली, आणि समोर खुर्चीत बसलेली सिस्टर एकदम हसायला लागली.

“अहो, हे काय? तुम्ही करताय? आणि हा राजासारखा नुसता पडून?”

सिस्टर घरी तपासणीला पहिल्यांदाच आली होती. हॉस्पिटलच्या वॉर्डात नवऱ्याची सगळी देखभाल या सिस्टरनेच केली होती. “याला स्वतःची नळी स्वतः घालायला मीच शिकवलंय. सगळ्यांत आधी हाच तयार झाला. नवीन पेशंट रडायला लागला की मी यालाच पुढे करायचे, बाबा रे, दाखव त्याला कसं सोपं असतं ते.”

नवरा छताकडे बघत राहिला. जणू तिथे काहीतरी लिहिलं होतं.

शेडवर पत्रे बसवताना तो वरून खाली पडला होता. मणका गेला, कमरेखालचं सगळं गेलं, हात मात्र शाबूत राहिले. पण घरी आल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं, हात थरथरतात, मला जमत नाही, तूच कर. दर चार तासांनी लघवी काढली नाही तर मूत्रपिंडांवर बेतायचं. मग बायकोने शर्टांच्या कारखान्यातलं कटिंगचं टेबल सोडलं आणि काजे-बटणांवर अर्ध्या दिवसाचं काम घेतलं. तेही अर्धवट टाकून ती घराकडे धावत सुटायची. “बाई, तुमचं घड्याळ नवऱ्याच्या पोटात आहे,” असं सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणायचा आणि तीही सगळ्यांबरोबर हसायची. टेबल परत हवं असेल तर आज दुसऱ्या पाळीला पूर्ण वेळ हजर व्हा, नाहीतर ते दुसऱ्या बाईला दिलं, हेही त्यानेच काल बजावलं होतं. तिने नकार कळवायचं ठरवून टाकलं होतं.

सिस्टरने त्याच्या पाठीवर, टाचांवर कुठे जखम नाही ना ते पाहिलं. उठता उठता आवाज खाली आणून म्हणाली, “आणि त्या दुसऱ्या विषयासाठी या हो एकदा दोघं. डॉक्टरांनी दोनदा बोलावलं. गोळ्या आहेत, आणखी उपाय आहेत, नवरा-बायकोचं सगळं संपलं असं नसतं. पण तुमचीच इच्छा नाही असं हा म्हणाला.”

“माझी?”

सिस्टरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि पिशवी उचलून काढता पाय घेतला.

बायको दार लावून परत आली. इतके महिने ती पलंगाशेजारी सतरंजीवर झोपत होती. आपण याला नकोशा झालो, असं ती धरून चालली होती. आता संताप तर आलाच, पण त्याच्याही आधी लाज वाटली. रस्त्याने धापा टाकत पळणाऱ्या त्या मूर्ख बाईची लाज.

“बोल,” ती म्हणाली.

“डॉक्टरसमोर बसून काय ऐकायचं होतं तुला? याचं काय होतं आणि काय होत नाही?”

“ऐकायचं तुला नव्हतं. माझ्या नावावर कशाला खपवलंस?”

तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “नळी मीच घातली असती, तर तू मला हात तरी लावला असतास का?”

हे ऐकून कुणालाही गलबलून आलं असतं. तिलाही आलं. तिथेच थांबला असता तर निभावलं असतं, पण त्याला राहवलं नाही.

“आणि मला कळतो तुझा हात. थोडा थोडा कळायला लागलाय.”

ती थकली, चिडली की तो हेच सांगायचा. या एका वाक्यावर तिने इतके दिवस काढले होते.

“खरंच कळतो?”

“आईशप्पथ.”

तिने ट्रे त्याच्या हाताशी सरकवला. नळी, जेली, भांडं, सगळं त्याला पोचेल असं. मग चादर बाजूला केली.

“डोळे मिट. मी हात ठेवला की सांग. चोरून बघायचं नाही.”

त्याने लगेच डोळे मिटले. किती दिवसांनी बायको त्याच्याशी खेळत होती! लग्न ठरल्यानंतर यायचं तसलं हसू त्याच्या ओठांवर आलं.

तिने वाकून अख्खा तळहात ठेवला, रोज नळी घालताना जिथे धरायची तिथेच. दाबून ठेवला. वाट पाहिली.

“ठेव की आता,” तो म्हणाला.

तिने हात काढून घेतला. खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली, चपला हातात घेतल्या, आणि अनवाणी दारापर्यंत गेली. दुसरी पाळी अजून सुरू झाली नव्हती. तिने कडीला हात घातला.

“आत्ता!” पलंगावरून तो ओरडला. त्याचा चेहरा उजळला होता, डोळे घट्ट मिटलेलेच होते. “आत्ता ठेवलास बघ. किती गार आहे गं हात!”

कडी गार होती.

“काढू नकोस,” तो म्हणाला. “राहू दे असाच थोडा वेळ.”

तिने आवाज न होऊ देता कडी सरकवली.