बटणावरचा हात

"बाबा, हात काढा. ओव्हरटेक करायचंय, गाडी स्पोर्ट मोडवर टाकते."

"कम्फर्टच बरं. सावकाश जाऊ." बाबांनी मोड बदलायचं बटण तळहाताखाली झाकून धरलं. बायको अपघातात गेल्यापासून लेक गाडी चालवू लागली की त्यांना वेग नको असे.

पुढच्या उसाच्या ट्रकवाल्याने 'जा' म्हणून हात दाखवला. लेकीने गाडी उजवीकडे काढली. ऐन वेळी कम्फर्टमधली गाडी गिअर बदलत बसली, जोर गेला. समोरून एसटी आली.

"बाबा, स्पोर्ट!"

त्यांनी बटण दाबलं. इंजिन ओरडलं, गाडी सुसाट निघाली. एसटी हॉर्न वाजवत शेजारून गेली.

लेकीने गाडी परत डावीकडे घेतली. मग लेक हळूच म्हणाली, "करा परत कम्फर्ट."

त्यांनी बटणावरचा हात काढून घेतला. पुढे दुसरा ट्रक दिसत होता.

"स्पोर्टच राहू दे," ते म्हणाले.