आपोआप साफ होणारा खड्डा

दुपट्यावरची शेंबडासारखी, रक्त मिसळलेली घाण पाण्यात सुटली आणि तिला ओकारी आली. पोटच्या पोराची असली म्हणून काय झालं. खड्ड्यातलं पाणी आधीच हिरवट, त्यावर साबणाचा फेस, खरकट्याचा तवंग आणि शेजारणींनी धुतलेले लंगोट. गल्लीतलं एक पोर धड नव्हतं, सगळी हगवणीने बेजार. तिचं तर दुपारपासून पाणीही घेईना. पाजत राहा, नाहीतर हातचं जाईल, असं नर्सबाई बजावून गेल्या होत्या.

खड्ड्याच्या तळाशी गावाचा पाइप होता, त्याला भेग पडलेली. घरच्या नळाला धार करंगळीएवढी, इथे मात्र भसाभसा पाणी. प्लंबर बुजवायला आला की बाया त्याला हुसकून लावत, आणि त्यात तिची सासू सगळ्यांच्या पुढे. फुकट ते पौष्टिक, हा गल्लीचा धर्मच होता.

टाकीवरच्या माणसाने पाणी बंद केलं. भेगेतली उकळी थांबली. तिने दुपटं पुन्हा बुडवलं तर त्याचं टोक खाली ओढलं जाऊ लागलं. फेस गोल फिरत भेगेकडे चालला होता. त्याच्यामागून तो तांबूस शेंबूड गेला, भेगेच्या तोंडाशी जरासा अडकला आणि गुपचूप आत शिरला.

"आई, हे सगळं पाइपात चाललंय."

"मग? रोजच जातं." सासू शेजारी भांडी विसळत होती. "पाणी बंद झालं की खड्डा आपोआप साफ होतो. नाहीतर ही घाण उपसली असती कोणी, तू?"

"अहो, पण हाच पाइप आपल्या नळाला येतो ना?"

"सगळ्यांच्याच येतो. पण नळाचं पाणी बघ कसं काचेसारखं. दिसतं का त्यात काही?"

दुपटं तिथेच टाकून ती घराकडे पळाली. दारातच नवरा बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. बऱ्याच वेळाने त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"बरं झालं, नळ आल्या आल्या पहिलंच ताजं पाणी भरून घेतलं," तो म्हणाला. "मीठ-साखर घातली, तर आता स्वतःच वाटी ओढतंय बघ."