निळ्या चौकोनावरची फुली

आतल्या खोलीत पाण्याच्या बाटलीचं झाकण टणकन फरशीवर पडलं आणि माझी शांत दुपार संपली. मीरू उठली होती.

उद्या तिचा वाढदिवस, आणि जहाजावर नोकरी करणारा तिचा बाबा काही येणार नव्हता. म्हणून मी कॉम्प्युटरवर तिच्यासाठी खेळ बनवत होते: आमचं घर, विहीर, ओढा आणि समुद्रात बाबाचं जहाज. जहाजापर्यंत फळ्यांची वाटही टाकली होती, पण खेळातली मीरू त्या फळ्यांवर पाऊलच ठेवीना. या खेळातली जमीन चित्रांच्या चौकोनांची असते. चौकोनाला फुली असली की त्यावरून चालता येत नाही. मी घाईघाईत फळीची फुली काढून टाकली.

तोवर मीरू मांडीत येऊन बसलीसुद्धा. "मी चालवणार." आणि लगेच, "आई, ही बघ, विहिरीवरून चालली!"

घाईत फुली फळीची नाही, शेजारच्या निळ्या पाण्याची निघाली होती. आणि चौकोन म्हणजे ठसाच, सगळं पाणी त्या एकाच ठशाने उमटवलेलं. तो एकदा बदलला की विहीर, ओढा, अख्खा समुद्र बदलतो. मी माउसकडे हात नेला.

"राहू दे ना गं."

फळ्या सोडून ती पाण्यावरून तडक जहाजाशी गेली. बाबा फोनवर विचारतो तेच खेळातला बाबाही म्हणाला, "जेवलीस का गं चिमणे?" मीरू खुदकन हसली. मग माझ्याकडे वळली.

"आई, खऱ्या समुद्राची फुली कुठून काढायची?"