दिनकर म्हणे

“झील धरा रे, सांडू नका.” मारुतीच्या पारावर भजनाला बसलं की दिनकरराव मागं साथीला गाणाऱ्यांना असं म्हणायचे. तीस वर्षांपूर्वीचा तो आवाज आज निकिताच्या लॅपटॉपमधून आला आणि शेजारी बसलेल्या तिच्या आईच्या, कडूबाईच्या हातातली तुरीची शेंग सोलायची राहून गेली.

वडील गेल्यावर निकितानं त्यांच्या कॅसेटी गंगाखेडच्या दुकानातून उतरवून आणल्या होत्या. एक्केचाळीस गाणी, आणि नावाला नुसते आकडे. आज ती नावं बदलून सगळी एका फोल्डरात हलवायची होती. माउसला तिनं हातही लावला नाही. नाव बदलायचा हुकूम म्हणून एम, व्ही ही दोन अक्षरं टाइप करायची, पुढं जुनं नाव, पुढं नवं. ज्वारीच्या कणसांवर पाखरं उतरावीत तशी पांढरी अक्षरं काळ्या पडद्यावर उतरत होती.

गाणं कुणाचं, हे तिनं रीतीप्रमाणं शेवटच्या कडव्यावरून ठरवलं. जो रचतो तो तिथं आपलं नाव घालतो. एक्केचाळीसही ठिकाणी ‘दिनकर म्हणे’ होतं. मग वेगळं बघायचं काय? सगळ्यांपुढं ‘दिनकर’ लागेल अशी एकच ओळ तिनं लिहून ठेवली. संध्याकाळी गाणी परभणीच्या एका संग्रहाला जायची होती.

नाव मागून बदलता येतं का, असं कडूबाईनं विचारलं. निकिता हसली. इथं हवं तेवढ्यांदा बदल म्हणाली, पण एकदा तिकडं गेलं की दगडावर कोरलं समज.

पडद्यावर ती ओळ लुकलुकत होती. बाहेर लिंबाची सावली भिंतीवर हलत होती, आणि दिनकरराव अजून गात होते.

“बाबा दिवसभर औतामागं. एवढं रचायचे कधी गं, माय?” असं म्हणत निकितानं एंटरवर बोट नेलं.

“थांब.”

बोट थांबलं. कडूबाईनं लॅपटॉपकडं हात केला.

“ती गाणी मी केलेली हायत. खुरपता खुरपता. मी म्हणून दाखवायची, ते पारावर गायचे.”

निकितानं आवाज बंद केला. “मग प्रत्येकात नाव त्यांचं का घातलंस?”

कडूबाईनं पदरातल्या शेंगा सारख्या केल्या.

“नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं न्हाई आमच्यात. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, तेवढंच. मला लय घ्यावं वाटायचं.”