गालावरचा तीळ

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण वेणूताईंच्या चित्रपुस्तकांत बेडकावर बसून शाळेत जातो ना, तो पोरगा मीच! वाचनालयातल्या त्यांच्या शोकसभेत मी हे जाहीरच करून टाकलं. त्यांचं शेवटचं पुस्तक मुलांना वाचून दाखवायचा मान मला हवा होता.

पहिल्या रांगेतल्या शर्वरीने डोळे बारीक केले. "पुरावा?"

"हा बघ, गालावर तसाच तीळ! आणि बेडूक उडी मारण्याआधी ढेकर द्यायचा, ते चित्रात आलं नाही."

ग्रंथपालबाईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं. शेवटच्या पानावर बेडूक एकटाच शाळेच्या फाटकाशी त्या पोराची वाट बघत बसला होता. वाचताना माझे डोळे वाहू लागले. मी रुमालाने तोंड पुसलं.

"आजोबा," शर्वरी उठून उभीच राहिली, "तुमचा तीळ रुमालाला लागलाय!"