शेंगा सोलताना

सांतियागो शहरातल्या एका वस्तीत युदेल्का महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली होती. आपल्यामुळेच आई आजारी, असं समजून तिच्या लेकीनं बोलणंच टाकलं होतं. दवाखान्यातून घरोघर येणाऱ्या एर्सिलियाबाईंना शिकवलं होतं, घरच्यांना समोरासमोर खुर्च्यांवर बसवून बोलतं करा. बसवलं, तर मायलेकी मुक्याच राहिल्या. आज बाईंनी तुरीच्या ओल्या शेंगा युदेल्काच्या अंथरुणाशेजारी जमिनीवर ओतल्या आणि दोघींना सोलायला बसवलं. "खुर्च्या राहू देत. हात चालले की तोंड चालतं." सोलता सोलता युदेल्का म्हणाली, "बाळा, हा मनाचा आजार आहे. तुझा दोष नाही." मुलीनं खालमानेनं विचारलं, "मारियामातेची मूर्ती फोडली मी, म्हणून नाही?" "अगं वेडे," बाई हसल्या, "ती स्वतः लेकुरवाळी! लेकरावर रुसेल होय?" मुलीनं आईच्या मुठीतले दाणे पाहिले नि ती डाफरली, "किडके दाणे कशाला घेतेस गं?" युदेल्काला ती बोलणी इतकी गोड लागली, की तिनं बाईंना मिठीच मारली.