चिमूटभर मीठ

मीठ सोसणारे जिवाणू घडवणं हे माझं काम. त्यांच्यात एका एन्झाइमचं जनुक घालायचं आणि काचेच्या चंबूतलं मीठ हळूहळू वाढवत न्यायचं. घरी मात्र बाबांच्या किडन्यांनी हात टेकले होते, म्हणून मिठाची बरणी मी कपाटात कुलपाआड ठेवायचे.

"त्या जंतूंचे एवढे लाड, आणि बापाला चिमूटभर मिळत नाही," बाबा कुरकुरायचे. "माझ्यातही घाल की ते जनुक!"

"बाबा, गुपचूप जेवा."

आज समुद्राहून खाऱ्या पाण्यातही माझे जिवाणू जिवंत राहिले. सांगायला धावतच घरी आले, तर बाबा उकडलेला बटाटा मिठात बुडवून मिटक्या मारत खात होते.

"आज कुठे जेवल्यासारखं वाटतंय बघ," ते खुशीत म्हणाले.

मी आईला स्वयंपाकघरात ओढलं. "वेड लागलंय का तुला? कुलूप का उघडलंस?"

आईने माझ्याकडे बघितलंच नाही. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण ती उगाच पुन्हा पुन्हा आवळत राहिली.



"डॉक्टर म्हणाले, आता मागतील ते खाऊ द्या."